पदक मागचं पाहतं, बढती पुढचं

मरोळ नाक्याहून आत वळलं की मिलिटरी रोड लागतो. याच मरोळमध्ये मुंबई पोलिसांचं प्रशिक्षण केंद्र आहे, सशस्त्र पोलिसांचा तळ आहे. एमआयडीसी आणि सीप्झच्या फाटकांवर उभ्या असलेल्या रक्षकांत फौजेतून पेन्शन आलेली माणसं आहेत. वर्दी हा इथे घरातला विषय आहे. 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टला शौर्यपदकांची यादी जाहीर होते, तेव्हा तिच्यावर बोलणारी माणसं सहज भेटतात, आणि बोलणं पदकावरून बढतीवर यायला वेळ लागत नाही. कुणाला मिळालं, कुणाचं राहिलं, कोण सुभेदार मेजरपर्यंत गेला, कोण हवालदार म्हणूनच गावी परतला.

या प्रश्नाच्या दोन बाजू मी दोन माणसांच्या तोंडून मांडतो आहे. एक, बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातून, निवृत्त झालेले सुभेदार. दुसरी त्यांची पुतणी, सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे सैनिकांची प्रकरणं चालवणारी वकील. माणसं प्रातिनिधिक आहेत. इतिहासातले दाखले मात्र खरे.

पुतणी : काका, यादी आली की तुम्ही आधी काय पाहता?

काका : आधी सॅपर्सची नावं. मग मराठा लाइट इन्फंट्रीची. आणि मग ज्यांच्या नावापुढे ‘मरणोत्तर’ लिहिलंय ती सगळी, कुठल्या का पलटणीची असेनात.

पुतणी : मी त्या यादीत कोण नाही ते शोधते. माझ्याकडे येणारी माणसं त्या राहिलेल्या नावांतली असतात. कुणाची शिफारस ब्रिगेडपर्यंत गेली आणि तिथेच थांबली. कुणाचा गोपनीय अहवाल एका साहेबानं चांगला लिहिला आणि वरच्यानं खाली ओढला.

काका : आणि तू त्यांना कोर्टात नेतेस. हे मला अजून पचत नाही, पोरी. फौजेत माणूस पदकासाठी लढत नाही. नाम, नमक, निशान एवढ्यासाठी लढतो. शेजारचा जवान मरू नये म्हणून लढतो. ज्यानं पदकासाठी गोळी झेलली असा एक माणूस मी पाहिलेला नाही. मग मिळालं नाही म्हणून दावा कसला करायचा?

पुतणी : लढणारा पदक मागत नाही, हे मला मान्य आहे. पण देतो कोण? देश देतो. देणाऱ्यानं नीट पाहून दिलं का, हे विचारायचा हक्क मागणाऱ्यालाच असतो असं थोडंच आहे. राम राघोबा राणे यांनी परमवीर चक्र मागितलं नव्हतं. पण ते दिलं गेलं नसतं तर चूक कुणाची ठरली असती?

काका : राणेसाहेबांचं नाव घेतलंस, आता ऐक. कारवारजवळच्या चेंडियाचा माणूस, आमच्या बॉम्बे सॅपर्सचा. 8 ते 11 एप्रिल 1948. नौशेरा ते राजौरी रस्ता सुरुंगांनी भरलेला, जागोजागी अडथळे, वरून मारा. पहिल्याच दिवशी जखमी झाले, तरी मागे आले नाहीत. रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत, रणगाड्याच्या चालीनं पुढे सरकत त्यांनी सुरुंग काढले. वर बसलेल्या चालकाला दोरीनं इशारे द्यायचे, थांब म्हणून, चल म्हणून. जिवंतपणी परमवीर चक्र मिळालेल्या पहिल्या माणसांपैकी तो.

पुतणी : तुम्हाला ही हकीकत एवढी बारकाईनं ठाऊक आहे, कारण ती कुणीतरी पाहिली. रणगाड्यात माणसं होती. मागे तुकडी होती. पाहणाऱ्यांनी सांगितलं, अधिकाऱ्यानं लिहिलं, लिहिलेलं वर पोचलं. तिन्ही पायऱ्या झाल्या म्हणून शौर्याचं पदक झालं.

काका : आणि पायऱ्या झाल्या नाहीत तर?

पुतणी : ते तुम्हीच सांगा. तुमच्या त्या लान्स नायकाचं काय झालं?

काका : (थोडं थांबून) ऑपरेशन पराक्रमची गोष्ट. संसदेवर हल्ला झाला, 2001 च्या अखेरीस सगळी फौज सीमेवर गेली. आम्ही मैलोन् मैल सुरुंग पेरले आणि मग तेच काढत बसलो. लढाई झाली नाही, पण माणसं गेली, पाय गेले. एका रात्री जोडीदाराच्या पायाखाली सुरुंग फुटला. हा लान्स नायक हातानं जमीन चाचपत आत शिरला आणि त्याला खांद्यावर घेऊन आला. अंधार होता. जखमी बेशुद्ध. साहेब दुसऱ्या पट्ट्यात. यानं स्वतःहून काही सांगितलं नाही, सांगणारही नव्हता. त्याचं सायटेशन, म्हणजे पदकासाठीचं शिफारसपत्र, लिहिलंच गेलं नाही.

पुतणी : तुम्ही याला काय म्हणता?

काका : नशीब म्हणतो. रणात सगळं कुणाला दिसतं? दिसेल तेवढ्याचं पदक होतं. बाकीचं पलटण मनात ठेवते.

पुतणी : पलटण पंचवीस वर्षं मनात ठेवते. त्यानंतर ती माणसं पेन्शन येतात, गावोगाव पांगतात. कागद राहतो. तुमच्या लान्स नायकाच्या नावाचा कागदच नाही. मी याला नशीब म्हणून सोडून देणार नाही, कारण कोण पाहतो, कोण लिहितो, कुणाच्या शब्दावर पदक ठरतं, हे माणसांनीच ठरवलेलं आहे. 26 नोव्हेंबर 2008 ची रात्र आठवा, मुंबईवरच्या हल्ल्याची. कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत पोलीस अधिकारी हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांच्या गाडीवर गोळीबार झाला. मागच्या बाजूला जखमी होऊन पडलेले अरुण जाधव वाचले, म्हणून त्या गाडीत काय घडलं ते जगाला कळलं. एक पोलीस शिपाई हयात राहिला नसता तर त्या गल्लीतल्या शेवटच्या क्षणांचा साक्षीदार कोण उरला असता?

काका : आणि ओंबळे?

पुतणी : तुकाराम ओंबळेंनी गिरगाव चौपाटीला अतिरेकी कसाबची बंदूक दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. तेव्हा भोवती त्यांचेच सहकारी होते. त्यांनी पाहिलं आणि सांगितलं. 26 जानेवारी 2009 ला सहायक उपनिरीक्षकाला आणि करकरे, कामटे यांच्यासारख्या वरिष्ठांना एकच पदक मिळालं, अशोक चक्र. हुद्दा आड आला नाही.

काका : तो आधी फौजीच होता, हे लक्षात ठेव. जावळीतल्या केडंबे गावचा, सिग्नल कोअरमध्ये नायक होऊन बाहेर पडला आणि मग पोलिसात गेला. इथे मरोळला शिकणाऱ्या प्रत्येक पोराला ते नाव पाठ असतं. म्हणून तर मी म्हणतो, व्यवस्था न्याय करते. साध्या माणसापर्यंत पोचते.

पुतणी : पोचते तेव्हा मलाही अभिमान वाटतो. पण हा न्याय आपोआप आलेला नाही. 1911 पर्यंत हिंदी शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळूच शकत नव्हता. कितीही मोठा पराक्रम करा, तो मान गोऱ्यांसाठी राखलेला. नियम बदलला, म्हणून पुढे 1944 मध्ये इटलीत नायक यशवंत घाडगे यांना आणि 1945 मध्ये नामदेव जाधव यांना तो मिळू शकला. दोघंही तुमच्या लाडक्या मराठा लाइट इन्फंट्रीचे. शौर्य 1911 च्या आधीही होतं. पदक देणाऱ्यांनी दार उघडलं नव्हतं.

काका : ते गोऱ्यांचं राज्य होतं.

पुतणी : दार बंद करणंही त्याच काळातलं. कोरेगावच्या स्तंभावर 1818 च्या लढाईत पडलेल्यांची नावं कोरली, त्यांत महार शिपायांची कितीतरी. तरी 1890 च्या दशकात महारांची भरती थांबवली, कारण वरिष्ठांच्या डोक्यात ‘लढाऊ जमातीं’चा सिद्धान्त शिरला होता. गोपाळबाबा वलंगकर स्वतः फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. 1910 मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांपर्यंत गाऱ्हाणं नेलं. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, आणि त्यांच्याच पुढच्या पिढीला फौजेचं दार बंद होतं. दगडावर नाव कोरून मान दिला आणि पुढच्यांना जागा नाकारली. मग 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, आणि तिच्यातून आलेले दोन अधिकारी, कृष्ण राव आणि सुंदरजी, लष्करप्रमुख झाले. जे अर्ज लिहिले गेले, ते लिहिणाऱ्यांना कुणी म्हणालं असेल, फौजी माणसाला तक्रार शोभत नाही म्हणून. त्यांनी ते ऐकलं नाही, हे बरं झालं.

काका : अर्ज लिहिणं वेगळं. पलटणीची प्रतिष्ठा सांभाळून, वरिष्ठांमार्फत अर्ज करायला माझी ना नाही. पण उद्या प्रत्येक शिपाई म्हणाला, मला वीर चक्र का नाही आणि त्याला का, तर कमांडिंग ऑफिसर हुकूम देईल की साक्ष देत फिरेल? शौर्य मोजायचा काटा कुठल्या न्यायाधीशाकडे आहे? आणि नियम बघ. परमवीर, महावीर, वीर ही तिन्ही चक्रं शत्रूसमोर केलेल्या कामासाठी. शत्रू समोर नसेल तर अशोक, कीर्ती, शौर्य. आमचा सुरुंग काढणारा माणूस कुठे बसवायचा यावर फौजेतलीच शहाणी माणसं डोकं खाजवतील. न्यायालय काय सांगणार?

पुतणी : न्यायालयानं माप घ्यावं असं मीही म्हणत नाही. अमक्याला महावीरच द्या असा हुकूम न्यायाधीशानं लिहिला तर मला तो चुकीचा वाटेल. माझा मुद्दा मापाच्या आधीचा आहे. मोजायला ठेवलेली वस्तू खरी होती का? कारगिलचं उदाहरण घ्या. बटालिक भागात 70 इन्फंट्री ब्रिगेडचं नेतृत्व ब्रिगेडियर देविंदर सिंग यांनी केलं. त्यांच्या कामाबद्दल वरून लिहिल्या गेलेल्या अहवालांवर त्यांनी आक्षेप घेतला. मे 2010 मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरणानं ते अहवाल पूर्वग्रहातून लिहिले गेले असं मानलं आणि युद्धाच्या अधिकृत नोंदीतही दुरुस्ती करायला सांगितलं. तोवर ते निवृत्त झाले होते. त्यांना विशिष्ट सेवा पदक मिळालं होतं, म्हणजे युद्धातल्या शौर्याच्या मालिकेतलं नव्हे. इथे न्यायालयानं शौर्य मोजलं का? नाही. कागद खोटा आहे, एवढंच सांगितलं.

काका : अकरा वर्षं गेली त्यात.

पुतणी : म्हणूनच तर म्हणते, कागद लिहिला जातानाच खरा असावा.

काका : कारगिलचंच आणखी एक सांगतो. ग्रेनेडियर योगेंद्रसिंह यादव, टायगर हिल. परमवीर जाहीर झालं ते मरणोत्तर म्हणून. आणि पोरगा रुग्णालयात जिवंत. एवढ्या मोठ्या यादीत एवढी मोठी चूक होऊ शकते, हे मी विसरत नाही. पण त्यातही फौजेची दानत दिसते. एकोणीस वर्षांच्या ग्रेनेडियरला देशातला सर्वांत मोठा मान दिला. कर्नलसाहेबासाठी राखून ठेवला नाही. ते पदक घडलं तेव्हापासून शिपाई आणि जनरल यांना सारखंच खुलं आहे.

पुतणी : शौर्यपदकांबद्दल हे खरं आहे. विशिष्ट सेवेच्या पदकांबद्दल म्हणाल? परम विशिष्ट, अति विशिष्ट, विशिष्ट. कागदावर तीही सगळ्यांना खुली. पण छातीवर कुणाच्या दिसतात? वरच्या हुद्द्यांच्या. हुद्दा वाढला की पदक, पदक मिळालं की पुढच्या हुद्द्याच्या मंडळापुढे वजन. हे चक्र शिपायाच्या वाट्याला येत नाही.

काका : आता तू मुद्द्यावर आलीस. पदकाबद्दल मी तुझ्याशी भांडतो, पण पदक आणि बढती यांची गाठ मारणं मलाही पसंत नाही. ऐक. प्रेमिंद्रसिंह भगत. आमच्याच बॉम्बे सॅपर्सबरोबर 1941 मध्ये अॅबिसिनियात सलग चार दिवस सुरुंग काढत राहिले आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. पुढे लेफ्टनंट जनरल झाले. लष्करप्रमुख होतील अशी सगळ्यांची अपेक्षा. 1974 मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बेवूर यांची मुदत वाढवली आणि त्या वाढीत भगतसाहेब निवृत्त झाले. व्हिक्टोरिया क्रॉस छातीवर असलेला माणूस प्रमुख झाला नाही. आमच्या खडकीच्या सेंटरमध्ये अजून ते सल म्हणून सांगतात.

पुतणी : आणि नऊ वर्षांनी याच्या अगदी विरुद्ध झालं. 1983. ज्येष्ठतेनं लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा पुढे होते, उपलष्करप्रमुख होते. सरकारनं अरुण श्रीधर वैद्य यांना नेमलं. अलिबागला जन्मलेला आपला माणूस. 1965 ला असल उत्तरच्या लढाईत डेक्कन हॉर्सचं नेतृत्व करताना महावीर चक्र, 1971 ला शकरगढमध्ये चिलखती ब्रिगेडचं नेतृत्व करताना दुसऱ्यांदा महावीर चक्र. सिन्हांनी राजीनामा दिला. मराठी माणूस म्हणून आपल्याला आनंद झाला. पण सिन्हांच्या बाजूनं विचारा. सरकारनं मोकळेपणानं सांगितलं का, की ज्येष्ठता बाजूला ठेवण्याचं कारण काय?

काका : दोन महावीर हे कारण पुरेसं नव्हे?

पुतणी : तुम्हीच सांगा. पुरेसं असेल तर भगतांना व्हिक्टोरिया क्रॉस का पुरला नाही? आणि पुरेसं नसेल तर वैद्यांच्या वेळी दुसरं कोणतं कारण होतं? दोन्ही वेळा निर्णय कदाचित योग्य असेलही. पण एकदा ज्येष्ठता, एकदा मुदतवाढ, एकदा पराक्रम, आणि मोजपट्टी कुठेच लिहिलेली नाही. मग खालचा प्रत्येक माणूस म्हणतो, वर कुणाची ओळख होती ते बघा.

काका : (विचार करून) मी वेगळं सांगतो. वैद्यसाहेबांना पद मिळालं आणि त्या पदाबरोबर 1984 चं सुवर्णमंदिरातल्या लष्करी कारवाईचं काम आलं. निवृत्त होऊन पुण्यात राहायला आले, आणि ऑगस्ट 1986 मध्ये त्यांना गोळ्या घातल्या. पद हे बक्षीस नव्हतंच. ती जबाबदारी होती आणि तिची किंमत त्यांनी मोजली. म्हणून मी म्हणतो, काल जे केलं त्याचं पदक द्या, भरभरून द्या. उद्या जे करायचंय त्याची बढती द्या, आणि ती देताना उद्याचं काम झेपेल का एवढंच पाहा. शूर माणूस चांगला कमांडर असेलच असं नाही, आणि ज्याच्या छातीवर एक फीत नाही तो दहा हजार माणसांचा जीव वाचवणारा निर्णय घेऊ शकतो.

पुतणी : हे मी माझ्या युक्तिवादात वापरीन, काका.

काका : वापर. आणि दुसरी बाजूही सांग. पदक हे बढतीचं तिकीट झालं की काय होतं, ते आम्ही 2003 मध्ये पाहिलं. सियाचीनमध्ये शत्रू मारल्याची खोटी चित्रफीत बनवली. आसाममध्ये माणसांना सॉस फासून मेलेले अतिरेकी म्हणून दाखवलं. वर्दीतल्या अधिकाऱ्यांनी! फौजेनं त्यांना बडतर्फ केलं, ते बरंच केलं. पण मुळात ती हाव आली कुठून? शौर्याची भूक असती तर खरा शत्रू होता की. ही पुढच्या हुद्द्याची भूक. ती बातमी वाचली तेव्हा मला माझा तो लान्स नायक आठवला. एकानं न केलेलं रंगवून सांगितलं, आणि एकानं केलेलं सांगितलंही नाही.

पुतणी : आणि मधली व्यवस्था दोघांनाही ओळखू शकली नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. आता बढतीकडे येऊ. अधिकाऱ्याचं लेफ्टनंट कर्नलपर्यंत सेवेच्या वर्षांवर होतं. कर्नलपासून निवड मंडळ. तिथून वर शंकू निमुळता. गोपनीय अहवाल, अभ्यासक्रम, मिळालेली पदकं यांचे गुण, आणि मंडळाचं स्वतःचं मत. 2008 मध्ये देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सरकारी नोकराला त्याच्या अहवालातली प्रत्येक नोंद कळवली पाहिजे, कारण न कळलेल्या शेऱ्याविरुद्ध तो बोलणार कसा? पण त्याच निकालात सैन्याला वगळलं. म्हणजे मंत्रालयातल्या कारकुनाला जो जाणून घ्यायचा हक्क आहे, तो बटालियन सांभाळणाऱ्या कर्नलला पूर्ण नाही.

काका : त्याला कारण आहे. सीओनं, म्हणजे कमांडिंग ऑफिसरनं, आपल्या हाताखालच्या कंपनी कमांडरबद्दल खरं लिहावं, तर ते उघडं होता कामा नये. उद्या त्यालाच घेऊन डोंगर चढायचाय. लिहिलेलं रोज समोर आलं तर सगळ्यांना नवावर नऊ मिळतील आणि अहवालाला अर्थ उरणार नाही.

पुतणी : नवावर नऊ आताही मिळतात, म्हणून एखाद्याला आठ दिले की तो संपतो. ते आठ का दिले, हे त्याला कळत नाही. महिला अधिकाऱ्यांचं बघा. 1992 पासून त्या अल्पसेवा कमिशनवर येत होत्या. कायम कमिशन मिळणार नाही हे ठरलेलंच, म्हणून त्यांचे अहवाल लिहिणाऱ्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. बरे गुण पुरुष सहकाऱ्यांना, कारण त्यांना पुढे जायचंय. फेब्रुवारी 2020 मध्ये बबिता पुनिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कायम कमिशनचं दार उघडलं. मग त्याच जुन्या अहवालांवर त्यांची निवड करायला घेतली. मार्च 2021 मध्ये नितीशा खटल्यात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठानं सांगितलं, नियम वरून सर्वांना सारखा दिसतो, पण त्याचा मार एकाच बाजूला बसतो. हाही भेदभावच.

काका : आपल्या माधुरी कानिटकर लेफ्टनंट जनरल झाल्या की. त्यांना कुणी अडवलं?

पुतणी : त्या वैद्यकीय कोअरमध्ये होत्या, तिथे स्त्रियांना कायम कमिशन आधीपासून होतं. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात, शिकल्या, तिथेच अधिष्ठाता झाल्या, 2020 मध्ये तीन तारे लावले. म्हणजे वाट मोकळी असली की मराठी मुलगी तिथपर्यंत पोचते. सिग्नलमधल्या किंवा इंजिनिअर्समधल्या तिच्या बरोबरीच्या मुलीला वाटच नव्हती. कर्तृत्वात कमी असल्याचा पुरावा कुणी दिला नव्हता, नियमानंच थांबवलं होतं.

काका : वाटेचं म्हणशील तर आमच्या सॅपर अधिकाऱ्यांचंही गाऱ्हाणं होतं. कारगिलनंतर एका समितीनं सांगितलं, सीओ तरुण हवेत. कर्नलच्या जागा वाढवल्या. त्या वाटताना पायदळ आणि तोफखान्याला मोठा वाटा, इंजिनिअर, सिग्नल मागे. 2015 मध्ये न्यायाधिकरणानं ते धोरण रद्द केलं, 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं धोरण राखलं, पण आमच्यासारख्या दलांना जादा जागा द्यायला सांगितल्या. मला तो निकाल रास्त वाटला. पायदळाचा सीओ जिथे उभा राहतो तिथे लवकर थकतो, त्याला तरुणच लागतो. आणि सुरुंग काढणाऱ्यालाही पुढे जायची वाट हवी.

पुतणी : बघा, न्यायालयानं फौज मोडली नाही.

काका : नाही मोडली. पण तू अजून जवानावर आलीच नाहीस. तुझे सगळे खटले साहेबांचे. आमचं काय? शिपाई, लान्स नायक, नायक, हवालदार. मग कॅडर म्हणजे बढतीचा अभ्यासक्रम, नकाशावाचन, शिक्षणाचा दाखला, आणि जागा रिकामी हवी. त्याआधी सेवेची वर्षं संपली तर घरी. सहाव्या वेतन आयोगानंतर आठ, सोळा, चोवीस वर्षांना पगार वरच्या श्रेणीत जातो, ते चांगलं झालं. पण खांद्यावर पट्टी तीच. गावात लोक पगाराची चिठ्ठी बघत नाहीत, पट्टी बघतात. आणि ज्याला पुढे सुरक्षारक्षकाची नोकरी करायचीय, त्याचा फाटकावरचा पगारही पट्टीवर ठरतो. हवालदाराला गार्ड ठेवतात, सुभेदाराला सुपरवायझर.

पुतणी : मग जवानाचा गोपनीय अहवाल कोण लिहितो, तो त्याला वाचून दाखवतात का, त्याला समजेल अशा भाषेत सांगतात का, हे विचारायला नको?

काका : हवं. हे मात्र हवं. मी सुभेदार, म्हणजे जेसीओ होतो, माझ्यापुढे पोरं येऊन विचारायची, साहेब, मी कुठे कमी पडलो? ज्याला सांगितलं तो पुढच्या वेळेला पास झाला. ज्याला सांगितलं नाही तो मनातून उठला. आणि मनातून उठलेल्या माणसाबरोबर सुरुंगक्षेत्रात जायला मला भीती वाटायची. शत्रूची वाटली नाही एवढी.

पुतणी : एवढं मान्य असेल तर आपण कुठे वेगळे आहोत ते सांगा.

काका : शौर्याची तुलना. कोण जास्त शूर, हे ठरवायला मी कुणाला बसू देणार नाही. सीओनं ठरवावं, चुकला तरी चालेल. यादीत नाव नसलेला माणूस कमी शूर होता असं मी कधी मानलं नाही, आणि कुणी मानू नये.

पुतणी : ते मी सोडून देते. माझं मागणं एवढंच. प्रत्येक कृत्य लिहिलं जावं, आणि लिहिणारा अधिकारीच असावा अशी अट नको. शेजारच्या शिपायाचा जबाब चालावा, आणि तो लगेच घ्यावा, महिन्यांनी नव्हे. शिफारस खाली आणली किंवा फेटाळली, तर त्याचं एका ओळीचं कारण फायलीत असावं, आणि ठरावीक वर्षांनी ते माणसाला किंवा त्याच्या घरच्यांना पाहता यावं. बढतीत मागे राहिलेल्याला कशात मागे राहिलो ते कळावं. आणि पदकाचा मान बढतीच्या गुणांत विरघळवू नये. पदकवाल्याला मान, पैसा, जमीन, मुलांना शिक्षण द्या. आज रोख रक्कम राज्याराज्यांत वेगळी आहे, तीही एकसारखी करा. पण खुर्ची त्याच्या पुढच्या कामाकडे बघून द्या.

काका : कारणाची ओळ लिहिणं हे साहेबांना जड जाईल.

पुतणी : सायटेशन लिहिणंही जड असतं. तरी लिहितात.

काका : लिहितात. आणि मी एक जोडतो. पेन्शन आल्यावरही जबाब घेता यावा. माझा लान्स नायक आता शेती करतो. ज्याला त्यानं उचललं तो हयात आहे, बोलू शकतो. पदक द्या असं मी म्हणणार नाही, त्याला वेळ निघून गेली. पण त्या रात्रीची नोंद पलटणीच्या इतिहासात व्हावी. तेवढ्यासाठी मी तुझ्याकडे अर्ज लिहायला येईन.

इथवर आल्यावर दोघांचं एकमत झालं असं मी म्हणणार नाही. काकांना अजूनही वाटतं की फौजेचं मन कायद्याच्या पुस्तकात मावत नाही, आणि पुतणीला अजूनही वाटतं की न सांगितलेलं कारण अन्यायासारखंच लागतं. मला दोघांचंही खरं वाटतं, आणि म्हणूनच न्याय कुठे शोधायचा ते स्पष्ट होतं. दोन माणसांच्या धैर्याची तुलना कुठलंच मंडळ बिनचूक करू शकणार नाही. ती मागणी सोडून द्यावी. पण कोणी काय केलं याची खरी नोंद, ती नोंद वर पोचण्याची खात्री, आणि नकाराचं कारण, या तीन गोष्टी माणसांच्या हातात आहेत. त्यांसाठी कुणाच्या शिस्तीला धक्का लागत नाही. उलट, आपल्यामागे लिहिलेलं खरं असेल असा भरवसा ज्या जवानाला आहे, तो पदकाची आशा न धरताही पुढे जातो. हा भरवसा द्यायचं काम देशाचं आहे, आणि ते राष्ट्रपती भवनातल्या समारंभाच्या कितीतरी आधी, कंपनीच्या कार्यालयात पहिला जबाब घेताना सुरू होतं.